शिवथर, पण कुठलं? पायथॉन इंटरनेटवरचं नाव कसं शोधतं आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ कुठे होतो

महाडहून वरंध घाटाच्या दिशेनं निघालात आणि वाटेत कुणाला ‘शिवथर कुठे?’ असं विचारलंत, तर उत्तराच्या आधी उलटा प्रश्न येण्याची शक्यता जास्त. कुठलं शिवथर? कसबे शिवथर, आंबे शिवथर की कुंभे शिवथर? नाव एक, गावं तीन. स्थानिक माणसाला तुमच्या बोलण्यावरून अंदाज येतो. पाठीवर सॅक दिसली की तो घळीची वाट दाखवतो.

ही घळ म्हणजे शिवथरघळ. समर्थ रामदासांनी दासबोध इथेच सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. पण मधल्या काळात गंमत झाली. जुन्या कागदांमध्ये शिवथरच्या घळीचं नाव होतं, ती नेमकी कुठे हे मात्र लोक विसरले होते. धुळ्याचे समर्थ अभ्यासक शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये ती शोधून काढली, असं सांगितलं जातं. जागेबद्दल अभ्यासकांमध्ये मतभेदही आहेत.

नाव माहीत आहे, पत्ता माहीत नाही. एकाच नावाच्या तीन जागा आहेत. आणि कुणी पत्ता सांगितला तरी तो खरा कशावरून? इंटरनेटला दर सेकंदाला हेच तीन प्रश्न पडतात. तुम्ही व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवर बोट ठेवता, तेव्हा फोन आधी त्या नावाचा पत्ता शोधायला जातो. हा शोध तुम्हाला स्वतःही घेता येतो. त्यासाठी पायथॉनसारख्या भाषेत दोन ओळी पुरतात. पण मराठी नावाच्या बाबतीत त्या दोन ओळी तुम्हाला भलत्याच दारात नेऊन उभं करू शकतात. ते कसं, हे समजून घेण्याआधी थोडी पार्श्वभूमी.

पत्ता उलटा वाचायचा

कॉम्प्युटर एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. या आकड्यांना आयपी अॅड्रेस म्हणतात. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून नावं आली. सुरुवातीच्या काळात, म्हणजे अर्पानेटच्या दिवसांत, सगळ्या कॉम्प्युटरांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये लिहिलेले असायचे. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ही फाइल सांभाळली जायची आणि बाकीचे लोक तिची प्रत उतरवून घ्यायचे. कॉम्प्युटर वाढले तशी ही पद्धत कोलमडायला लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नवी व्यवस्था मांडली, ती म्हणजे डोमेन नेम सिस्टिम, थोडक्यात डीएनएस. आज आपण वापरतो ते तिचे मूळ नियम १९८७ मध्ये पक्के झाले.

कल्पना साधी आहे. सगळ्यांचे पत्ते एका वहीत ठेवायचे नाहीत. जिल्ह्याला तालुके माहीत, तालुक्याला गावं माहीत, गावाला घरं माहीत. पोस्टात पाकीट कसं वाचतात? आधी शेवटची ओळ. पिनकोड, जिल्हा, तालुका, मग गाव, आणि सगळ्यात शेवटी वरच्या ओळीतलं माणसाचं नाव. डोमेनचंही तसंच आहे, ते उजवीकडून डावीकडे वाचतात.

सातबारा पाहायला तुम्ही भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन या साइटवर जाता. फोनच्या वतीनं शोध घेणारा सर्व्हर, ज्याला रिझॉल्व्हर म्हणतात, तो आधी सगळ्यात वरच्या रूट सर्व्हरना विचारतो की ‘इन’ कोण सांभाळतं. रूट सर्व्हरना ए ते एम अशी १३ नावं आहेत. प्रत्यक्षातली यंत्रं जगभर विखुरलेली आहेत आणि ती १३ पेक्षा कितीतरी जास्त आहेत. रूटकडून ‘इन’चा पत्ता मिळाला की तिथे ‘गव्ह’ विचारायचं, तिथून ‘महाभूमी’, तिथून ‘भूलेख’. उत्तर मिळालं की ते किती वेळ लक्षात ठेवायचं हेही सोबत सांगितलेलं असतं. तेवढा वेळ पुन्हा कुणी विचारलं तर रिझॉल्व्हर साठवलेलं उत्तर देतो, वर जात नाही.

‘डॉट इन’चा मराठी मुलखाशी जुना संबंध आहे. हे नाव भारताला १९८९ मध्ये मिळालं. २००५ च्या सुरुवातीला ते सगळ्यांसाठी खुलं झालं आणि निक्सी या संस्थेकडे त्याची व्यवस्था गेली. त्याआधी ती मुंबईतल्या जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होती. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली.

उलटं वाचायची ही सवय प्रत्येक सोशल मीडिया वापरणाऱ्याला असायला हवी. लिंकमध्ये कुठेतरी ‘महाभूमी’ आणि ‘गव्ह’ दिसलं म्हणून ती सरकारी होत नाही. महाभूमी-गव्ह-इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम अशी लिंक आली, तर तिचा मालक ‘अमुकतमुक’ आहे. डावीकडे त्यानं काय लिहायचं हा त्याचा प्रश्न. सरकारी साइटचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘निक डॉट इन’नं होतो, आणि मध्ये डॅश नसतो, डॉट असतो.

पायथॉनला विचारलं तर?

आता मूळ मुद्दा. प्रोग्रॅमिंग शिकणारी मुलं डीएनएस शोधण्यासाठी पायथॉनचं ‘सॉकेट’ नावाचं मॉड्यूल वापरतात. ते पायथॉनसोबतच येतं. त्यात ‘गेट-होस्ट-बाय-नेम’ नावाचं फंक्शन आहे. त्याला डोमेनचं नाव द्या, ते आयपी अॅड्रेस परत देतं. हे फंक्शन जुनं आहे. त्याला फक्त आयपीव्ही४, म्हणजे चार आकड्यांचे पत्तेच कळतात. नव्या लांबलचक आयपीव्ही६ पत्त्यांसाठी ‘गेट-अॅड्र-इन्फो’ वापरायचं. त्याचं नाव उच्चारायला त्रास होतो, काम मात्र ते नीट करतं.

इथे पहिला गैरसमज. बहुतेकांना वाटतं की हे फंक्शन थेट डीएनएसला विचारतं. तसं नाही. ते ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतं. सिस्टिम सहसा आधी स्वतःजवळची ‘होस्ट्स’ फाइल बघते. हो, अर्पानेटच्या काळातली ती फाइल आजही प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये छोट्या रूपात जिवंत आहे. त्यात कुणी काही लिहून ठेवलं असेल तर उत्तर तिथूनच येतं, डीएनएसला कुणी विचारतच नाही. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलेल्या एखाद्या व्हायरसनं त्या फाइलमध्ये बँकेच्या नावापुढे भलता पत्ता लिहिला, तर स्क्रिप्टलाही तोच भलता पत्ता मिळणार.

थेट डीएनएसलाच विचारायचं असेल तर ‘डीएनएसपायथॉन’ ही वेगळी लायब्ररी बसवावी लागते. ती होस्ट्स फाइल बघत नाही. शिवाय नुसता आयपी नाही, तर त्या नावाची मेल कुठे जाते, नाव कुठल्या सर्व्हरकडे आहे, हेही विचारता येतं. जावास्क्रिप्टच्या नोडमध्येही हाच फरक आहे. तिथलं ‘लुकअप’ सिस्टिमला विचारतं आणि ‘रिझॉल्व्ह’ थेट डीएनएसला. पर्लवाल्यांकडे ‘नेट डीएनएस’ आहे.

पीएचपीचं उदाहरण मुद्दाम सांगण्यासारखं आहे. तिथल्या ‘गेट-होस्ट-बाय-नेम’ला नाव सापडलं नाही तर ते एरर देत नाही. तुम्ही दिलेलं नावच जसंच्या तसं परत देतं! ज्यानं हे कागदपत्रांत वाचलं नाही तो समजतो की उत्तर आलं. मग ‘उत्तर आलं म्हणजे डोमेन आहे’ असं धरून चालणारी फॉर्म तपासणी कुठलंही नाव खरं मानते.

आणखी एक. डोंबिवलीतल्या घरात बसून गुगल कोलॅबवर ही स्क्रिप्ट चालवली, तर शोध डोंबिवलीतून होत नाही. तो गुगलच्या सर्व्हरवरून होतो. मोठ्या साइट वेगवेगळ्या ठिकाणच्या लोकांना वेगवेगळे, जवळचे पत्ते देतात. त्यामुळे कोलॅबमध्ये एक आयपी आणि फोनवर दुसरा दिसला म्हणून लगेच ‘हॅक झालं’ अशी पोस्ट टाकू नका.

‘नाहीच’ आणि ‘आत्ता नाही’

घाटाच्या कुशीतल्या गावांमध्ये रेंज येते-जाते, यात नवल नाही. २२ जुलै २०२१ ला महाड पुरात बुडालं आणि त्याच दिवशी तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली, तेव्हा वीज आणि फोन दोन्ही गेले होते. बाहेरच्यांना आतल्यांशी बोलता येत नव्हतं. अशा वेळी ‘संपर्क होत नाही’ आणि ‘तिथे कुणी नाही’ या दोन वाक्यांमध्ये किती अंतर असतं, हे वेगळं सांगायला नको.

डीएनएसमध्येही हे अंतर आहे आणि नवशिके प्रोग्रॅमर नेमकं तेच पुसून टाकतात.

पायथॉनच्या सॉकेटला नाव सापडलं नाही की ते ‘जीएआय-एरर’ नावाची चूक फेकते. बहुतेक स्क्रिप्टमध्ये ही चूक आली की लिहून टाकतात, ‘डोमेन अस्तित्वात नाही’. पण त्या चुकीसोबत एक क्रमांकही येतो. लिनक्सवर उणे दोन आला तर हे नाव माहीत नाही, असा अर्थ. उणे तीन आला तर अर्थ वेगळा, शोध तात्पुरता फसला, पुन्हा प्रयत्न करा. विंडोज आणि मॅकवर हे आकडे वेगळे असतात, म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा त्याचं नाव तपासणं बरं. डीएनएसपायथॉनमध्ये हा फरक आणखी स्पष्ट आहे. नाव नाही, नाव आहे पण विचारलेली माहिती नाही, आणि वेळेत उत्तरच आलं नाही, या तीन गोष्टींसाठी तीन वेगळ्या चुका आहेत.

समजा, एखाद्या कॉलेजच्या मुलांनी तालुक्यातल्या मदत केंद्रांच्या साइट चालू आहेत का हे दर तासाला तपासणारी स्क्रिप्ट लिहिली. पावसात नेट गेलं. स्क्रिप्टनं उणे दोन आणि उणे तीन एकाच टोपलीत टाकले आणि ग्रुपवर मेसेज गेला की सगळ्या साइट बंद. पुढचं काम फॉरवर्ड करणारे करतात.

वेळेचाही प्रश्न आहे. सॉकेटच्या या शोधाला पायथॉनमधून वेळेची मर्यादा घालता येत नाही. सॉकेटला टाइमआउट लावला तरी तो कनेक्शनला लागतो, नाव शोधण्याला नाही. लिनक्सवर नेहमीच्या सेटिंगनुसार एका सर्व्हरची पाच सेकंद वाट पाहिली जाते आणि दोनदा प्रयत्न होतो. शंभर नावांची यादी एकामागोमाग तपासणारी स्क्रिप्ट कमकुवत नेटवर्कवर कित्येक मिनिटं तशीच उभी राहते, ती यामुळे. डीएनएसपायथॉनमध्ये ही मर्यादा ठरवता येते. तुम्ही काहीच ठरवलं नाही तर नव्या आवृत्त्यांमध्ये ती एकूण पाच सेकंद असते.

आणि तीन शिवथरांचा गोंधळ इथेही आहेच. ऑफिस किंवा कॉलेजच्या नेटवर्कवर सिस्टिमला सांगून ठेवलेलं असतं की कुणी अर्धवट नाव दिलं तर त्यामागे आपल्या संस्थेचं डोमेन जोडून बघ. म्हणजे स्क्रिप्टनं नुसतं ‘शिवथर’ विचारलं तर सिस्टिम स्वतःच्या मनानं त्याला आडनाव लावते. एका कॉम्प्युटरवर उत्तर येतं, दुसऱ्यावर येत नाही, आणि कोड तर तोच! उपाय बारीकसा आहे. नावाच्या अगदी शेवटी एक टिंब द्यायचं. त्या टिंबाचा अर्थ, हे पूर्ण नाव आहे, मागे काही जोडू नका.

आता मराठी नाव

इथपर्यंतचं सगळं जगातल्या कुठल्याही नावाला लागू आहे. देवनागरी आली की वेगळंच प्रकरण सुरू होतं.

देवनागरीतलं ‘डॉट भारत’ २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं. मराठीसह हिंदी, कोकणी, नेपाळी, सिंधी, बोडो, डोगरी आणि मैथिली या भाषांना ते एकदमच मिळालं. म्हणजे ‘शिवथर डॉट भारत’ असं नाव देवनागरीत लिहिता येईल अशी सोय झाली.

पण डीएनएसच्या नेहमीच्या वापरात नावं इंग्रजी अक्षरं, आकडे आणि डॅश एवढ्यातच असतात. मग जुगाड काढला गेला. देवनागरी नावाचं आतल्या आत इंग्रजी अक्षरांत रूपांतर करायचं. या पद्धतीला प्युनीकोड म्हणतात. ‘भारत’चं रूपांतर होतं एक्सएन--एच२बीआरजे९सी. सुरुवातीचं ‘एक्सएन’ आणि दोन डॅश म्हणजे पुढे दुसऱ्या लिपीतलं नाव आहे याची खूण. ब्राऊजरच्या पट्टीत तुम्हाला ‘भारत’ दिसतं, पण तारेवरून जातं ते हे अगम्य रूप. भ, काना, र, त ही चार चिन्हं आतून ११ अक्षरांची झाली. एका टिंबापासून दुसऱ्या टिंबापर्यंत जास्तीत जास्त ६३ अक्षरं चालतात, त्यामुळे मराठीत लांबलचक नाव घेताना ही मर्यादा अपेक्षेपेक्षा लवकर गाठली जाते.

तुम्ही पायथॉनच्या सॉकेटला देवनागरी नाव दिलंत, तर ते हे रूपांतर स्वतःच करतं आणि मग शोधतं. सोयीचं आहे. घोळ याच सोयीत दडलाय.

दऱ्या की दर्या?

शिवथरच्या आजूबाजूला काय आहे? दऱ्या. सह्याद्रीच्या खोल दऱ्या. आणि महाडहून पश्चिमेला सावित्री नदीच्या काठानं गेलं की पुढे काय लागतं? दर्या. अरबी समुद्र.

मराठी माणसाला हे दोन शब्द वेगळे आहेत हे सांगावं लागत नाही. एकात ‘र’ आडवा, पापणीसारखा येतो आणि दुसऱ्यात ‘य’च्या डोक्यावर रफार येतो. हिंदीत ही भानगड नाही, म्हणून बाहेरच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या ती लक्षातही येत नाही. ‘आचार्या’ आणि ‘आचाऱ्या’ ही जोडी तर शाळेतच शिकवतात.

कॉम्प्युटरमध्ये हा पापणीसारखा ‘र’ दोन प्रकारे लिहिता येतो. पहिला प्रकार, ‘ऱ’ हे खाली नुक्ता असलेलं स्वतंत्र अक्षर घ्यायचं. युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक ०९३१. त्याला हलंत जोडायचा आणि पुढे ‘य’. दुसरा प्रकार जुना. साधा ‘र’, हलंत, मग ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचं एक अदृश्य चिन्ह, आणि पुढे ‘य’. या चिन्हाला स्वतःची रुंदी नाही, ते दिसत नाही, फक्त शेजारच्या अक्षराचा आकार बदलतं. काही कीबोर्ड पहिल्या प्रकारे लिहितात, काही दुसऱ्या. तुमच्या फोनचा कीबोर्ड कुठल्या प्रकारे लिहितो हे तुम्हाला पाहून कळणार नाही. दोन्ही ‘दऱ्या’ स्क्रीनवर सारख्याच.

आता डोमेनच्या नियमांकडे या. दुसऱ्या लिप्यांमधल्या नावांचे पहिले नियम २००३ मध्ये आले. त्यांत ठरलं होतं की अदृश्य चिन्हं रूपांतराआधी काढून टाकायची. इंग्रजी जाणणाऱ्याला हे शहाणपणाचंच वाटेल. दिसत नाही त्याचं काम काय? पण मराठीत त्या न दिसणाऱ्या चिन्हावर अख्खा शब्द उभा आहे. ते काढलं की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. दरीत जायला निघालेला माणूस समुद्रावर पोचतो.

ही चूक लक्षात आली. २०१० मध्ये नवे नियम प्रसिद्ध झाले. त्यांना नाव मात्र आयडीएनए २००८ असंच आहे. त्यांनी हलंतानंतर आलेलं जॉइनर ग्राह्य धरलं. म्हणजे नव्या नियमांत जॉइनरवाली ‘दऱ्या’ ही ‘दर्या’पासून वेगळी.

मग प्रश्न मिटला? नाही. पायथॉनच्या पोटात असलेलं रूपांतर अजूनही २००३ च्या नियमांवर चालतं. पायथॉनच्या अधिकृत माहितीतच लिहिलंय की नवे नियम हवे असतील तर ‘आयडीएनए’ नावाची वेगळी लायब्ररी वापरा. ब्राऊजर नव्या पद्धतीकडे वळलेत. क्रोम तर २०२३ मध्ये वळला.

आता याचा परिणाम काय होतो तो बघा. समजा, घळीजवळच्या एखाद्या होमस्टेवाल्यानं आपल्या साइटच्या नावात ‘दऱ्या’ घेतलं. तुम्ही ते नाव मेसेजमधून कॉपी केलं आणि त्यात जॉइनर होतं. ब्राऊजरमध्ये टाकलंत तर ब्राऊजर जॉइनरसकट नाव शोधेल. तेच नाव पायथॉनच्या सॉकेटला दिलंत तर ते जॉइनर गाळून ‘दर्या’ शोधेल. पायथॉनमध्येच ‘रिक्वेस्ट्स’ ही लोकप्रिय लायब्ररी वापरलीत तर ती नव्या नियमांनी रूपांतर करते. म्हणजे एकाच स्क्रिप्टमध्ये वरच्या ओळीनं सॉकेटकडून पत्ता तपासला आणि खालच्या ओळीनं रिक्वेस्ट्सकडून पान उघडलं, तर तपासणी एका नावाची आणि भेट दुसऱ्याच नावाला. कुठलीही एरर नाही. फसवणूक करणाऱ्याला यापेक्षा काय हवं?

आणि होमस्टेवाल्यानं मूळ नोंदणी पहिल्या प्रकारानं, म्हणजे ०९३१ च्या ‘ऱ’नं केली असेल, तर वरचे दोन्ही शोध चुकले. ती तिसरीच ‘दऱ्या’. या तिसऱ्या प्रकाराचं चांगलं हे की त्यात अदृश्य काही नाही, त्यामुळे जुने नियम लावा की नवे, उत्तर एकच येतं. मराठी डोमेन घेणाऱ्यानं तोच प्रकार निवडावा हे उघड आहे.

कुठली अक्षरं नोंदवू द्यायची हे त्या त्या डोमेनची रजिस्ट्री ठरवते. सगळ्यात वरच्या पातळीच्या नावांमध्ये, म्हणजे ‘भारत’च्या जागी येणाऱ्या नावांमध्ये, आयकॅन जॉइनर चालूच देत नाही. देवनागरीसकट आपल्या लिप्यांसाठी तिथे ‘निओ-ब्राह्मी’ नावाचं तज्ज्ञांचं पॅनेल बसलं होतं. पण एकदा डोमेन तुमच्या हातात आलं की त्याच्या डावीकडे काय जोडायचं, ते तुम्ही ठरवता. तिथे वरच्यांचे नियम पोचत नाहीत.

असाच छोटा घोळ ‘ॲ’चा आहे. ‘ॲप’ लिहिताना एक अखंड अक्षर वापरता येतं, ते युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीपासून लोक ‘अ’वर चंद्र देऊन ‘अॅप’ लिहितात. बऱ्याच फोनवर दोन्ही सारखे दिसतात. कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी नावं आहेत, आणि इथे तर जुने-नवे कुठलेच नियम त्यांना एक मानत नाहीत.

डोळ्याला दिसत नाही ते स्क्रिप्टला दिसतं

उलटी बाजूही आहे. ‘शिवथरघळ’ आणि ‘शिवथरधळ’. पटकन वाचताना फरक कळला? एकात ‘घ’, दुसऱ्यात ‘ध’. फोनच्या छोट्या स्क्रीनवर, घाईत, लाल रंगाच्या ‘आजच बुकिंग करा’च्या शेजारी, तो कळत नाही. स्क्रिप्टची मात्र इथे गल्लत होत नाही. दोघांचं प्युनीकोड वेगळं येतं, तुलना केली की लगेच उघडं पडतं. म्हणून एखादं मराठी नाव खरं आहे का ही शंका आली, तर त्याचं ‘एक्सएन’वालं रूप काढायचं आणि ओळखीच्या, खात्रीच्या नावाच्या रूपाशी पडताळायचं. पायथॉनमध्ये हे एका ओळीचं काम आहे, फक्त नवी ‘आयडीएनए’ लायब्ररी वापरून करा.

डीएनएसमध्ये नाव सापडलं म्हणजे ते विश्वासाचं, असं मात्र नाही. काल रात्री कुणीतरी काहीशे रुपयांत घेतलेलं खोटं डोमेनही सकाळी व्यवस्थित आयपी देतं. शोधातून कळतं ते एवढंच की या नावाला पत्ता आहे. तिथे कोण राहतं ते कळत नाही.

मिळालेलं उत्तर वाटेत कुणी बदललं नाही ना, हा आणखी वेगळा प्रश्न. २००८ मध्ये डॅन कॅमिन्स्की या संशोधकानं दाखवून दिलं की रिझॉल्व्हरच्या साठवलेल्या उत्तरांमध्ये खोटी उत्तरं घुसवणं समजत होतो त्यापेक्षा बरंच सोपं आहे. त्यानंतर उत्तरांवर सही करण्याच्या पद्धतीला, डीएनएसएसईसीला, वेग आला आणि जुलै २०१० मध्ये रूटवरच सही झाली. पायथॉनचं सॉकेट ही सही तपासली गेली की नाही हे तुम्हाला सांगत नाही. ते फक्त पत्ता हातात ठेवतं. सही पाहायची असेल तर पुन्हा डीएनएसपायथॉनकडे जावं लागतं.

मराठी नावांचं म्हणाल, तर करून बघायला पाच मिनिटं लागतात. पायथॉन उघडा. ‘दऱ्या’ हा शब्द तुमच्या फोनवरून एकदा आणि दुसऱ्या कुणाच्या फोनवरून एकदा लिहून घ्या. दोन्ही पायथॉनमध्ये चिकटवा आणि लांबी विचारा. ०९३१ वाली ‘दऱ्या’ पाच चिन्हांची भरते, द, ऱ, हलंत, य, काना. जॉइनरवाली सहा. सहा आली, तर तो शब्द डोमेनमध्ये टाकण्याआधी ते अदृश्य चिन्ह आणि त्याच्या आधीचा साधा ‘र’ काढून तिथे खरा ‘ऱ’ बसवा.